नायलॉन-६ मध्ये ग्राफीन मिसळूनही उष्णता पुढे का सरकत नाही?

कुपवाड_मोल्डर

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतल्या मोल्डिंग शॉपमधून विचारतोय.

पोल्ट्री शेडसाठी २० वॅटचा एलईडी दिवा आहे. मागची बॉडी सध्या ॲल्युमिनियम डायकास्टची आहे. शेडमधला अमोनिया आणि बॅच निघाल्यावर होणारी धुलाई यांमुळे पावडर कोटिंगचा जिथे टवका उडतो, तिथून बॉडी पांढरी पडून पोखरायला लागते. म्हणून बॉडी प्लास्टिकची करायची आहे. गोल बॉडी, भिंत ३ मिमी, बाहेरून हवेला लागणारं क्षेत्रफळ साधारण ४०० चौरस सेमी.

नायलॉन-६ मध्ये ग्राफीन नॅनोप्लेटलेट (कार्बनचे अतिपातळ पापुद्रे, पावडरीच्या रूपात) वजनाने ५ टक्के घेतले. पत्रकाप्रमाणे पापुद्र्याची रुंदी ५ मायक्रॉन, जाडी ५ ते १० नॅनोमीटर. दाण्यांना थोडं पॅराफिन तेल चोळून ड्रममध्ये पावडर फिरवली आणि माल थेट इंजेक्शन मशीनच्या हॉपरमध्ये. २ मिमी जाडीची चकती लॅबला दिली. जाडीच्या दिशेने उष्णतावाहकता ०.३१ वॉट प्रति मीटर-केल्विन आली. साधं नायलॉन ०.२५ आहे. (पुढे सगळे आकडे याच एककात.)

ग्राफीनचे ३००० च्या पुढचे आकडे सगळीकडे सांगतात. त्याचे ५ टक्के म्हणजे सरळ हिशोबाने १५० व्हायला हवेत, दहावा हिस्सा मिळाला तरी काम झालं असतं. मग अडतंय कुठे? टक्का वाढवायचा की माल बदलायचा? आणि मोल्डिंग मशीनच्या सिंगल स्क्रूवर हे जमण्यासारखं आहे का?

---

मिरज_कंपाउंडर

आधी तो १५० चा हिशोब डोक्यातून काढून टाका, बाकीचं मग सरळ होईल. तो हिशोब ग्राफीनचा एकच अखंड धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला असेल तर लागू पडतो. तुमच्या मालात पापुद्रे नायलॉनमध्ये सुटे तरंगताहेत, त्यामुळे उष्णतेला दर पापुद्र्यानंतर नायलॉन ओलांडावंच लागतं.

मोठे आकडे कुठून आले तेही बघा. २००८ मध्ये रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हवेत टांगलेल्या एकेरी थरावर मोजमाप झालं, तेव्हा ५००० च्या आसपासचे आकडे मिळाले. तोच एकेरी थर काचेसारख्या सिलिकावर टेकवून मोजला तर ६०० च्या घरात उतरतो, हे २०१० मध्ये दिसलं. ग्राफीनमध्ये उष्णता नेण्याचं काम मुख्यतः जाळीची कंपनं, म्हणजे फोनॉन, करतात. शेजारी दुसरा पदार्थ चिकटला की ती कंपनं विखुरतात. तुमचा पापुद्रा तर दोन्ही अंगांनी नायलॉनने लिंपलेला आहे. शिवाय तो एकेरी थर नव्हेच, ५ ते १० नॅनोमीटर जाडी म्हणजे पंधरा ते तीस थरांची चळत.

आता टक्का. उष्णतेला वजन कळत नाही, जागा कळते. ग्राफाइटची घनता २.२, नायलॉन-६ ची १.१३. वजनाने ५ टक्के म्हणजे आकारमानाने फक्त २.६ टक्के. वजनाने २० म्हणजे ११.४, वजनाने ३० म्हणजे १८. दोन सप्लायरांची पत्रकं शेजारी ठेवताना आधी हा आकडा काढायचा, नाहीतर तुलना फसते.

२.६ टक्क्यांत गोल कण असते तर काय मिळालं असतं? मॅक्सवेलचं जुनं सूत्र आहे: कण कितीही उत्तम वाहक, अगदी अनंत वाहकतेचे धरले, तरी मूळ प्लास्टिकच्या (१ + २फ) भागिले (१ − फ) पटींपेक्षा जास्त नाही. फ म्हणजे कणांचा आकारमानातला हिस्सा; इथे तो ०.०२६ धरला तर जेमतेम १.०८ पट, म्हणजे ०.२७. तुमचं ०.३१ आलंय, म्हणजे त्याहून थोडंच वर. याचा अर्थ तुमच्या पापुद्र्यांचे बहुतेक गोळे झालेत आणि ते जवळजवळ गोल कणांसारखे वागताहेत. गोळ्याच्या आतलं ग्राफीन कितीही चांगलं असो, बाहेरून तो नुसता काळा दाणा. हेच सूत्र १८ टक्क्यांना लावलं तर १.६६ पट, म्हणजे ०.४१. याच्या वर जे काही मिळतं ते सगळं कणाच्या चपट्या आकारातून आणि पापुद्रे एकमेकांना टेकण्यातून. म्हणून टक्का वाढवण्याआधी या दोन गोष्टी सांभाळायच्या.

पापुद्र्याची रुंदी ५ मायक्रॉन या कामाला लहान आहे. ओढा ओलांडताना मोठ्या शिळा असल्या की चार ढांगांत पलीकडे, गोटे असले की पावलोपावली पाण्यात, तसाच प्रकार. १ मिमी अंतरात ५ मायक्रॉनचे पापुद्रे ओळीने मांडले तरी २०० सांधे होतात, २५ मायक्रॉनचे मांडले तर ४०. प्रत्येक सांध्यावर दोन रोध: ग्राफीन आणि प्लास्टिक यांच्या सीमेवरचा, आणि मधल्या प्लास्टिकच्या पातळ थराचा. म्हणून दर ग्रॅमला पृष्ठफळ ५०० किंवा ७५० चौरस मीटर असलेली महागडी बारीक जात उष्णतेसाठी घेऊ नका. ती वीजवाहकतेला आणि ताकदीला ठीक आहे. उष्णतेच्या कामात तिने सांधेच वाढतात, वर वितळलेला माल इतका घट्ट होतो की मोल्ड भरत नाही.

ग्राफीन ऑक्साइड तर अजिबात नको. नायलॉनमध्ये ते सुरेख पसरतं, पण ऑक्सिजनचे गट लावताना जाळी जागोजागी तुटलेली असते आणि फोनॉन तिथेच अडतात. सिलेन (फिलर आणि प्लास्टिक यांना जोडणारं रसायन) लावण्याचा सल्लाही कोणीतरी देईल. सिलेनला धरायला पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट लागतात. ॲल्युमिनावर ते असतात, ग्राफाइटच्या सपाट अंगावर नसतात, फक्त कडांना थोडे मिळतात. त्यावर पैसे घालवू नका.

माझा सल्ला मिश्र फिलरचा, म्हणजे प्लास्टिकमध्ये भरायच्या दोन पावडरींचा. १०० मायक्रॉनच्या आसपासचं, ९९ टक्के कार्बनचं फ्लेक ग्राफाइट वजनाने २५ टक्के आणि २५ मायक्रॉनचे नॅनोप्लेटलेट ५ टक्के. मुख्य वाटा मोठे फ्लेक तयार करतात, प्लेटलेट त्यांच्या मधल्या फटी सांधतात. फ्लेक ग्राफाइट नॅनोप्लेटलेटच्या मानाने खूपच स्वस्त पडतं, त्यामुळे तुमचा सगळा खर्च त्या ५ टक्क्यांवर राहतो. एवढ्या भरण्याला जाडीच्या दिशेने ०.८ ते १.२ आणि प्रवाहाच्या दिशेने ३ ते ५ ही अपेक्षा ठेवा. याहून फार मोठा आकडा कोणी छापून दिला तर कोणत्या दिशेने मोजलाय ते आधी विचारा.

आता सिंगल स्क्रूचं. मोल्डिंग मशीनचा स्क्रू वितळवायला आणि ढकलायला बनवलेला असतो, कोरड्या पावडरीचे गोळे फोडायला नाही. तेल लावलेली पावडर दाण्यावरून घसरते, हॉपरच्या तळाशी साठते आणि एक शॉट काळा, एक करडा निघतो. वर ते तेल पापुद्र्याभोवती राहून सीमेवरचा रोध वाढवतं. ट्विन स्क्रूवरच (दोन स्क्रूंच्या मिक्सिंग मशीनवर) करून घ्या. स्वतःकडे नसेल तर जॉबवर्क, पण करणाऱ्याला पुढच्या गोष्टी लिहून द्या.

नायलॉन ८० अंशांवर डिह्युमिडिफायर ड्रायरमध्ये ४ ते ६ तास, ओलावा ०.१ टक्क्याच्या खाली. ओलं नायलॉन बॅरलमध्ये तुटतं, माल पाण्यासारखा होतो आणि गोळे फोडायला लागणारा शिअरच (घासण्याचा ताण) मिळत नाही. लांबी-व्यास गुणोत्तर ४० चं मशीन, बॅरल २३० ते २५५ अंश. नायलॉन मुख्य फीडरमधून, फिलर साइड फीडरमधून (बॅरलच्या पुढच्या भागात बाजूने माल सोडणाऱ्या), आणि तोही नायलॉन पूर्ण वितळल्यावरच. घट्ट दाण्यांबरोबर सुरुवातीलाच फिलर गेला तर वितळण्याच्या झोनमध्ये तो भरडला जातो आणि १०० मायक्रॉनच्या फ्लेकचं पीठ होतं. साइड फीडरच्या पुढे पातळ डिस्कचा, ४५ अंशी मांडणीचा एकच नीडिंग ब्लॉक (माल मळणाऱ्या डिस्कचा गट) पुरे. ९० अंशी ब्लॉक आणि उलट्या आट्याचे एलिमेंट काढायला सांगा. आरपीएम २०० ते २५०. त्यापुढे व्हॅक्यूम व्हेंट हवाच.

सगळ्यात जास्त डोकेदुखी फीडिंगची. नॅनोप्लेटलेटची पावडर इतकी हलकी असते की एका लिटरमध्ये ५० ते १०० ग्रॅमच बसते, बाकी हवा. ताशी २० किलो मालात ५ टक्के म्हणजे १ किलो पावडर, म्हणजे तासाला १० ते २० लिटर ढग आत ढकलायचा. ती हवा उलट फीडरमधून वर येते, पावडर उसळते, नाहीतर हॉपरमध्ये कमान धरून बसते आणि डोस शून्य होतो. साइड फीडरच्या थोडं मागे उघडा व्हेंट ठेवला की हवा तिथून निघून जाते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे नॅनोप्लेटलेटचं नायलॉनमधलं मास्टरबॅच (आधीच भरपूर पावडर मिसळलेले दाणे) विकत घ्यायचं आणि साइड फीडरमधून फक्त फ्लेक ग्राफाइट सोडायचं. ते जड असतं, फीडरमधून बऱ्यापैकी सुरळीत पडतं.

---

साचा_आणि_गेट

वरचं सगळं मान्य, पण चांगला कंपाउंड घेऊनही साचा चुकला की मिळालेलं घालवता येतं.

इंजेक्शनमध्ये माल भिंतीला घासत जातो, त्यामुळे पापुद्रे भिंतीला समांतर झोपतात. तुम्ही मोजलंय ते नेमकं त्यांच्या आडव्या दिशेने, सगळ्यात वाईट बाजूने. ग्राफाइटचा स्वभावच तसा आहे: थराच्या दिशेने शेकड्यांत ते दोन हजारांपर्यंत, थरांच्या आरपार ५-६ च्या आसपास. भिंत जितकी पातळ तितकी ही झोपलेली कातडी जास्त. ३ मिमीच्या भिंतीत मधल्या गाभ्यात पापुद्रे थोडे तिरपे राहतात, १.५ मिमीत जवळजवळ सगळे झोपलेले. म्हणून प्लास्टिक वाचवायला भिंत पातळ करू नका.

गेट (साच्यात माल शिरायचं तोंड) बॉडीच्या मधोमध द्या. तुमची बॉडी गोल आहे, एलईडी मध्यभागी, उष्णता मधून कडेला जायची. मधून भरलं की माल त्रिज्येच्या दिशेने वाहतो आणि पापुद्रेही तसेच लागतात. कडेला एकच गेट दिलं तर अर्ध्या बॉडीत दिशा चुकते. दोन गेट दिले तर मध्ये वेल्डलाइन, म्हणजे दोन प्रवाह जुळल्याची रेषा, येते. वेल्डलाइनवर दोन्ही प्रवाहांचे पापुद्रे एकमेकांसमोर उभे ठाकतात, म्हणजे जोडरेषेला समांतर. तिथे उष्णताही अडते आणि भाग मोडतोही तिथेच. स्क्रूच्या बॉसभोवतीची (स्क्रू बसवायच्या खांबाभोवतीची) वेल्डलाइन तर डोळ्यांना दिसते: बॉसच्या पलीकडे केसाएवढी चकचकीत रेघ, बोटाच्या नखाने दाबलं तर तीच आधी उघडते.

हा माल साध्या नायलॉनपेक्षा लवकर गोठतो, कारण उष्णता साच्यात लवकर सोडतो. मेल्ट २६० ते २७५, साचा ९० ते १०० अंश, इंजेक्शनचा वेग जास्त. पाण्यावर चालणारा ४० अंशांचा साचा ठेवलात तर कड भरणार नाही, आणि ऑपरेटर प्रेशर वाढवत बसेल. गेट साध्या नायलॉनपेक्षा दीडपट मोठं ठेवा.

एक समाधान आहे: ग्राफाइट मऊ असल्यामुळे स्क्रू आणि साचा झिजत नाहीत. काच किंवा ॲल्युमिना भरलेल्या मालाचं तसं नाही. मात्र ३० टक्के भरल्यावर नायलॉनचा चिवटपणा जातो. सेल्फ-टॅपिंग स्क्रू थेट बॉसमध्ये घालू नका, पितळी इन्सर्ट घाला. आतल्या कोपऱ्यांना किमान १ मिमीची गोलाई. आडव्या आणि उभ्या दिशेचं आकुंचन वेगळं असतं, त्यामुळे सपाट तळ वाटीसारखा वाकतो. एलईडी बोर्ड टेकायची जागा साच्यातच सपाट धरून चालू नका, पहिल्या नमुन्यावर सरळपट्टी ठेवून फट बघा.

---

अल्फा_रो_सीपी

मोजमापाबद्दल आणि मुळात किती वाहकता लागते त्याबद्दल लिहितो, कारण प्रश्नात दुसरी गोष्ट आलेलीच नाही.

लेझर फ्लॅशने, म्हणजे एएसटीएम ई१४६१ ने, मोजणार असाल तर मशीन वाहकता देत नाही, विसरणांक (उष्णता किती वेगाने पसरते ते) देतं. त्याला घनता आणि विशिष्ट उष्णतेने गुणावं लागतं. २० टक्के ग्राफाइटच्या नायलॉनसाठी घनता १.२५, विशिष्ट उष्णता सुमारे १.४६ जूल प्रति ग्रॅम-केल्विन. विसरणांक ०.४५ चौ. मिमी प्रति सेकंद आला तर वाहकता ०.८२. पुष्कळदा लॅब विशिष्ट उष्णता साध्या नायलॉनची, म्हणजे १.६५ च्या आसपासची, घालते आणि आकडा तेराएक टक्के फुगतो. रिपोर्टवर कोणती किंमत घातली ते विचारा.

प्रवाहाच्या दिशेचा आकडा हवा असेल तर एक साधी युक्ती आहे. २ मिमीच्या चकतीतून २ मिमी रुंदीच्या पट्ट्या कापा, प्रत्येक पट्टी ९० अंशांत फिरवा आणि शेजारी शेजारी घट्ट क्लॅम्पमध्ये उभ्या करा. आता जी वरची बाजू झाली ती मूळची कापलेली कड. याच संचावर लेझर फ्लॅश मारला की पापुद्र्यांच्या दिशेचा विसरणांक मिळतो. कापताना प्रवाहाची दिशा चकतीवर खुणेने लिहून ठेवा, नंतर कळत नाही. हॉट डिस्कवर, म्हणजे आयएसओ २२००७-२ ने, मोजणार असाल तर दोन्ही दिशा वेगळ्या देणारा मोड लावायला सांगा. साधा मोड दोन्ही दिशांचा मिश्र आकडा देतो, आणि तोच पत्रकात दिमाखाने छापला जातो.

फिलर खरोखर किती गेलाय हे तपासायला काचेच्या मालासारखं मफल भट्टीत हवेत ८०० अंशांवर जाळू नका, ग्राफाइटही जळून जातं आणि शिल्लक शून्य दिसते. नायट्रोजनमध्ये ६०० अंशांपर्यंत तापवायचं. नायलॉन जवळजवळ पूर्ण निघून जातं, उरतं ते फिलर. पोकळ्या तपासायला पाण्यात वजन करून घनता काढा. २० टक्क्यांचा माल १.२५ ऐवजी १.२० भरला तर ४ टक्के हवा आत आहे, आणि हवा ०.०२६ ची, म्हणजे नायलॉनच्याही दहापट खाली.

आता तुमच्या दिव्याचा हिशोब. २० वॅटपैकी साधारण १४ वॅट उष्णता बॉडीतून जाणार. साध्या उभ्या हवेत, किरणोत्सर्ग धरून, पृष्ठभाग सुमारे १० वॉट प्रति चौरस मीटर-केल्विन सोडतो. तुमचे ४०० चौरस सेमी म्हणजे ०.०४ चौरस मीटर. १४ भागिले ०.४ केलं की ३५ अंश. शेडमध्ये मे महिन्यात ४० असेल तर बॉडी सरासरी ७५ ला जाणारच, ती ॲल्युमिनियमची असो की सोन्याची. हे ग्राफीनने बदलत नाही, क्षेत्रफळ वाढवल्यानेच बदलतं.

ग्राफीनने बदलतं ते एवढंच: उष्णता मधून कडेपर्यंत किती लांब पोहोचते. वाहकता गुणिले जाडी भागिले १०, त्याचं वर्गमूळ, हे त्या पोहोचीचं माप. ३ मिमी भिंतीला साधं नायलॉन ९ मिमी देतं, ५ ची वाहकता ३९ मिमी, २० ची ७७ मिमी, आणि डायकास्ट ॲल्युमिनियम (९६ च्या आसपास) १७० मिमी. म्हणजे ५ वाहकतेच्या बॉडीत मधला एक-दीड इंच काम करतो, कडा थंडच राहतात आणि एलईडी भाजतात.

यावर उपाय म्हणजे एलईडी बोर्डाखाली २ मिमी जाडीची, १२० मिमी व्यासाची ॲल्युमिनियमची चकती. पसरवण्याचं काम तिच्याकडे, प्लास्टिकला फक्त आरपार न्यायचं. बाजारातल्या बहुतेक एलईडी बल्बांत आतून ॲल्युमिनियम आणि वरून प्लास्टिक असतं ते याचसाठी. १४ वॅट त्या चकतीच्या ११३ चौरस सेमीतून गेले की ३ मिमी भिंतीत साध्या नायलॉनला १५ अंशांची तूट, ०.८ च्या मालाला ४.६, १.५ च्या मालाला २.५. बघा, ०.२५ वरून ०.८ ला गेल्यावर दहा अंश मिळाले. तिथून दुप्पट केल्यावर फक्त दोन. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, म्हणून पहिले दहा अंश लाखमोलाचे. पुढच्या दोन अंशांसाठी महागडा फिलर भरू नका.

चकती आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पेस्ट किंवा पॅड हवंच. ०.१ मिमी हवेची फट राहिली तर ती एकटीच ४-५ अंश खाते, म्हणजे ग्राफीनने कमावलेल्यातला निम्मा वाटा.

---

कुपवाड_मोल्डर

सगळ्यांचे मनापासून आभार, हा हिशोब आधी कोणी मांडून दाखवला नव्हता. चकतीची कल्पना पटली. आणखी तीन शंका. ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) बॉडीच्या आतच आहे, मग शॉकचं काय? आतलं पॉटिंग (सर्किटभोवती ओतलेलं भरण) इपॉक्सीचं आहे, त्यातही थोडं ग्राफीन घालावं का? आणि शेड धुताना ब्लीचिंगचं पाणी मारतात, नायलॉन टिकेल का?

---

सातारा_पॉवरबोर्ड

पॉटिंगमध्ये ग्राफीन अजिबात नको. वजनाने एखाद-दोन टक्क्यांतही पापुद्र्यांची वीजवाहक साखळी जुळू शकते, आणि उष्णता मात्र तेवढ्यात फारशी वाढत नाही. वीज आणि उष्णता इथे वेगळ्या वागतात. नायलॉन आणि ग्राफाइट यांच्या वीजवाहकतेत कितीतरी परार्धपटींचा फरक, म्हणून साखळी जुळताच वीज एकदम उडी मारते. उष्णतावाहकतेत काही हजारपटींचाच फरक, म्हणून ती हळूहळू चढते. पॉटिंगसाठी ॲल्युमिना भरलेलं सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन घ्या, १ च्या आसपासचं सहज मिळतं. आणखी हवं असेल तर षटकोनी बोरॉन नायट्राइड: चपटं, मऊ, वीज अडवणारं, फक्त महाग. ॲल्युमिनियम नायट्राइड दमट जागी टाळा, पाण्याशी क्रिया होऊन अमोनिया सुटतो.

बॉडीबाबत एक धोका नीट समजून घ्या. ३० टक्के ग्राफाइटची बॉडी शॉक देण्याइतकी वाहक असते, पण फॉल्ट झाल्यावर फ्यूज उडवण्याइतकी वाहक नसते. म्हणजे तिला धातूसारखं अर्थिंग करून भागत नाही आणि प्लास्टिक समजून सोडूनही देता येत नाही. ड्रायव्हरभोवती फिलर नसलेल्या प्लास्टिकची वेगळी वाटी द्या, वायर आत येते तिथेही ग्लँडची बाही त्याच प्लास्टिकची. अर्थिंगची वायर ॲल्युमिनियमच्या चकतीला. आयएस १०३२२ (दिव्यांचं भारतीय मानक) ची इन्सुलेशन आणि हाय व्होल्टेज चाचणी पूर्ण बॉडी जोडून करा, सुट्या भागांवर नाही. प्रत्येक बॅचचा एक नमुना मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) ५०० व्होल्टला तपासा, कारण फिलरचा डोस हलला की रोध कितीतरी पटीने हलतो.

आणखी एक. ग्राफाइट आणि ॲल्युमिनियम ओल्या जागी टेकले की विद्युत-रासायनिक जोडी तयार होते आणि खातं ॲल्युमिनियमच. ज्या गंजासाठी बॉडी बदलताय तोच गंज आत चकतीला लागेल. चकती ॲनोडाइज करा, मध्ये सिलिकॉनचा पॅड अखंड ठेवा, कड सिलिकॉन सीलंटने बंद करा, स्क्रू स्टेनलेस ३०४ चे. साताऱ्याच्या पश्चिमेकडे, पाटण-महाबळेश्वरच्या बाजूला दिवे जाणार असतील तर पावसाळ्यातले चार महिने हवाच इतकी दमट असते की गंज लागायला धुण्याचीही गरज पडत नाही.

---

मिरज_कंपाउंडर

ब्लीचिंगचा मुद्दा महत्त्वाचा, तो आधी कळला असता तर नायलॉनवरची कृती दिलीच नसती. अमोनियाला नायलॉन दाद देत नाही, पण क्लोरीन सोडणाऱ्या पाण्याने त्याची साखळी तुटते, पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात. पॉलिप्रॉपिलीन घ्या. दोन्हींना टिकतं, पाणी पीत नाही, वाळवायची कटकट जवळजवळ नाही. ७५ अंशांवर, चकतीचा आधार असताना आणि ३० टक्के ग्राफाइट भरल्यावर ते आकार धरून राहील.

मात्र त्याची घनता ०.९०५. वजनाने तेच ३० टक्के इथे आकारमानाने १५ च भरतात, नायलॉनमध्ये १८ होते. तेवढीच जागा व्यापायला वजनाने ३५ टक्के घ्या: फ्लेक २९, नॅनोप्लेटलेट ६. मॅलेइक ॲनहायड्राइड लावलेलं पॉलिप्रॉपिलीन ३ टक्के घाला. सपाट अंगाला ते धरत नाही, पण कडांवरच्या ऑक्सिजन गटांना धरतं, आणि त्याने मुख्यतः ताकद सुधारते. बॅरल १९० ते २२०, साचा ५० ते ६०. नॅनोप्लेटलेटचं मास्टरबॅच पॉलिप्रॉपिलीनमधलंच मागवा, नायलॉनमधलं चालणार नाही.

पहिली बॅच २५ किलोची काढा आणि साच्याला हात लावण्याआधी तिच्या साध्या चकत्या करून दोन्ही दिशांनी मोजून घ्या. जाडीच्या दिशेने ०.७ च्या खाली आलं तर टक्का वाढवू नका. आधी घनता काढून हवा बघा, मग तुटलेला काप भिंगाखाली धरा. चांगल्या मालात तो अभ्रकासारखा सगळीकडे सारखा चमकतो. मधूनच मॅट काळे ठिपके दिसले तर ते न फुटलेले गोळे, म्हणजे नीडिंग ब्लॉक कमी पडतोय. चमक बारीक, धुळीसारखी दिसली तर फ्लेक भरडलेत, म्हणजे आरपीएम किंवा ब्लॉक जास्त होतोय. दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून न बघता काही बदलू नका.

पावडर ओतताना पी१०० मास्क लावा, फीडरवर सक्शन ठेवा आणि जवळचे इलेक्ट्रिक पॅनेल गॅस्केट लावून बंद करा. ही धूळ वीज नेते. कॉन्टॅक्टरवर आणि ड्राइव्हच्या कार्डावर बसली की शॉर्ट होतो, आणि काळं पॅनेल उघडल्यावर कारण शोधत बसावं लागतं. साफ करताना हवेची नळी मारू नका, व्हॅक्यूमनेच ओढा.